चटावलेलं अस्वल आणि लाडावलेलं खोकड: एका मुक्कामतळावरचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतल्या एका संरक्षित डोंगराळ जंगलात, नदीकाठी, हा मुक्कामतळ आहे. तंबू ठोकायच्या जागा, शेजारी गाड्या लावायचं मैदान, मधोमध जेवणाची बाकं आणि शेकोटीचे कट्टे, एका टोकाला कचऱ्याचे पिंप. खोऱ्यात खाली, चालत तासाभराच्या अंतरावर, पर्यटकांना भाड्यानं दिली जाणारी खासगी लाकडी घरं. तळाचा कारभार वनरक्षकांच्या छोट्या तुकडीकडे आणि उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या हंगामी मदतनिसांकडे. ठिकाण आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

प्रकरण दोन जनावरांचं आहे. एक काळ्या अस्वलाची मादी, सोबत त्याच वर्षीची दोन पिल्लं. दुसरं एक लाल खोकड, नर. कागदोपत्री हे अस्वलाचं प्रकरण म्हणून नोंदलं गेलं आणि खोकडाचा उल्लेख त्यात शेवटी शेवटी येतो. माझ्या मते या हकिकतीतली सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे.

आधी एक सर्वसाधारण बाब. रानटी सस्तन प्राणी माणसाला भितात आणि ही भीती चांगलीच खोल असते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पाणवठ्यांजवळ लपवलेल्या स्पीकरवरून सिंहांचे आणि साध्या सुरात बोलणाऱ्या माणसांचे आवाज ऐकवले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे ९५ टक्के जातींनी सिंहापेक्षा माणसाचा आवाज जास्त मनावर घेतला: पळ काढला किंवा पाणी अर्धवट सोडलं. जिथे जागा सोडणं परवडत नाही तिथे जनावरं वेळ बदलतात. सहा खंडांतल्या ६२ जातींवरच्या ७६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये निघाला. एरवी ज्यांचा निम्मा वावर रात्रीचा असतो अशा प्राण्यांचा रात्रीचा वाटा माणसांच्या सान्निध्यात ६८ टक्क्यांवर गेलेला त्यात दिसला.

ही भीती दोन वेगळ्या वाटांनी कमी होते. रोज माणसं दिसली, त्यांच्याकडून त्रासही झाला नाही आणि फायदाही झाला नाही, की जनावर त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला लागतं. हे सरावणं. माणसाजवळ गेलं की खायला मिळतं हा अनुभव आला, तर ते चटावणं. अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदीवर तपकिरी अस्वलं पर्यटकांच्या डोळ्यांदेखत सामन मासे पकडतात, मान वर करून बघतही नाहीत. ती पुरती सरावलेली आहेत. पण तिथे उतरताच प्रत्येकाला अस्वलांबद्दलचे नियम सांगितले जातात आणि खाणं कुठे ठेवायचं, कुठे काढायचं यावर कडक बंधनं आहेत, म्हणून माणूस म्हणजे जेवण हे समीकरण तिथल्या अस्वलांच्या डोक्यात बसलेलं नाही. आपल्या तळावर मात्र सरावलेल्या जनावराची भीती बाळगली गेली आणि चटावणाऱ्या जनावराचं कौतुक झालं.

अडचण कशी उभी राहिली

वसंतात मादी रोज संध्याकाळी कुरणाच्या कडेनं फिरताना दिसायची. कोवळं गवत खायची, कुजक्या ओंडक्यांची साल सोलून मुंग्या चाटायची, पिल्लं मागे रेंगाळायची. तंबूवाल्यांपासून बऱ्यापैकी लांब. कोणी जवळ गेलं की ती मान वर करून नाकानं हवा हुंगायची, कधी मागच्या पायांवर उभी राहायची आणि मग पिल्लांना घेऊन झाडीत जायची. मागच्या पायांवर उभं राहणं म्हणजे हल्ल्याची तयारी, असं पर्यटक एकमेकांना सांगत असत. खरं तर दूरचं नीट दिसावं, वास नीट यावा म्हणून अस्वल उभं राहतं.

इथे पहिला निर्णय होता: तिला हाकलायचं की राहू द्यायचं? वनरक्षकांनी राहू दिलं. तोवर तिनं माणसाचं काही खाल्लं नव्हतं, कुरण तिचं होतं आणि विनाकारण पिटाळलं असतं तर ती पिल्लांसह रस्त्याकडे ढकलली गेली असती. निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण "सध्या त्रास नाही" एवढी नोंद करून विषय मिटला. कचऱ्याच्या पिंपांच्या कड्या सैल होत्या, तंबूवाल्यांना दिलेल्या लोखंडी अन्नपेट्या पुरेशा नव्हत्या, दोन-दोन कुटुंबांत एकच पेटी होती. या गोष्टी तेव्हाच, अस्वल गवत खात असताना, नीट करून घ्यायच्या होत्या.

मग निसर्गानं पाठ फिरवली. उशिरा पडलेल्या, गोठलेल्या दहिवरानं झुडपांचा फुलोरा जळाला आणि ऐन उन्हाळ्यात रानबोरांसारखी जी बारीक फळं अस्वलांचं मुख्य खाणं असतं, ती नावालाच लागली. अशा वर्षी अस्वलं माणसांच्या वस्तीकडे वळतात हे जुनंच निरीक्षण आहे. शरद ऋतू जवळ आला की त्यांची भूक अफाट वाढते. हिवाळी झोपेआधी चरबी साठवायची म्हणून एक अस्वल दिवसाला १५ ते २० हजार कॅलरी पोटात ढकलू शकतं. एवढं खाणं झुडपा-झुडपातून वेचायचं तर दिवस पुरत नाही. सॉसेज आणि चीजनं भरलेला एक थंडपेटारा हे काम दहा मिनिटांत करतो.

तो पेटारा एका कुटुंबानं बाकावर ठेवला आणि सगळे नदीवर गेले. परत आले तेव्हा पेटारा झुडपात उपडा पडला होता. दंड होईल म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या तंबूतल्यांनी पाहिलं होतं, तेही गप्प बसले. वनरक्षकांना ही गोष्ट कळली ती अस्वलाच्या वागण्यातून: दोनेक आठवड्यांनी ती भर दुपारी आली, कुरणाच्या कडेनं नाही, थेट बाकांच्या रांगेतून, एकेका बाकाखाली हुंगत.

त्यानंतर गाडी. सकाळी मैदानात एका गाडीच्या दाराची वरची चौकट गुडघ्यापर्यंत खाली वाकवलेली सापडली. नखं काचेच्या वरच्या फटीत घालायची आणि सगळं वजन टाकून खाली ओढायचं, हे तंत्र. काचेवर मोठ्या तळव्याचे मातकट ठसे होते आणि त्यांच्या खाली, अगदी दाराच्या कडेशी, तसेच छोटे ठसे. पिल्लं नुसती बघत नव्हती.

हे छोटे ठसे मोठ्या नुकसानीहून जास्त काळजीचे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात झालेल्या अभ्यासात दिसलं आहे की वस्तीत खाणं शोधणाऱ्या मादीची पिल्लं मोठी झाल्यावर तीच सवय चालू ठेवतात. ही विद्या रक्तातून नाही, आईमागे फिरून येते. त्याच योसेमिटीत १९९८ साली अस्वलांच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या बहुसंख्य गाड्या फोडण्याच्या. पुढे तिथे हेही आढळलं की अस्वलं मिनीव्हॅन जास्त निवडतात. एक तर्क असा, की त्यात लहान मुलं बसतात आणि सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा कायम असतो. ज्यांनी मुलांसोबत लांबचा प्रवास केला आहे त्यांना हा तर्क पटवून द्यावा लागणार नाही.

तिकडे खोकड

या सगळ्या धामधुमीत खोकड संध्याकाळी शेकोटीच्या उजेडाच्या कडेला यायचं. सरळ कधीच नाही. वाकड्या रेषेत, थांबत थांबत, मधेच बसून आपल्याला इथे काही काम नाही असं दाखवत. कोणी तुकडा पुढे केला की पुढचं अंग लांबवायचं, मान ताणायची आणि मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत जिथल्या तिथे रोवलेले. तुकडा दातांच्या टोकानं उचलून ते लाकडाच्या ओंडक्यामागे जाई, पुढच्या पायांनी उथळ खळगा उकरी, तुकडा आत ठेवी, माती लोटी आणि नाकाच्या शेंड्यानं ती दाबून टाकी. मग परत. पुन्हा तुकडा, पुन्हा नवा खळगा.

बघणाऱ्यांना वाटायचं, किती भुकेलेलं आहे बिचारं, परत परत येतंय. खोकडं जादा मिळालेलं खाणं असं एकेका खळग्यात पुरून ठेवतात आणि आठवणीनं नंतर काढतात. त्यामुळे त्यांचं "पुरे" कधी होत नाही. पोट भरलं तरी मागणं थांबत नाही, आणि मागणं थांबत नाही म्हणून देणं थांबत नाही.

त्याला माणसाळलेलं समजणं ही दुसरी गफलत. रशियात नोव्होसिबिर्स्कला दमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली चंदेरी खोकडांवर जो प्रयोग सुरू केला त्यात खरोखर शेपूट हलवणारी, माणसाचा हात चाटणारी खोकडं तयार झाली. पण ती खाऊ घालून नाही. प्रत्येक पिढीतल्या सर्वांत शांत जनावरांचीच पुढची पैदास केली गेली, आणि तीही फर-फार्मवर आधीच पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या खोकडांपासून सुरुवात करून. शेकोटीशी येणारं खोकड रानटीच असतं. फरक एवढाच, की त्याच्या हिशेबात भीतीपेक्षा सॉसेजचं पारडं थोडं खाली गेलेलं असतं. हात जरा वेगानं हलला की पारडं उलटतं.

तळावरच्या एका हंगामी मदतनिसानं खोकडाला खाऊ घालण्याविरुद्ध फलक लावावा असं सुचवलं होतं. मुख्य वनरक्षक बाईंनी ते पुढे ढकललं. आधीच अस्वलाचे इतके फलक झाले होते की लोक वाचेनासे झाले होते, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण अस्वलाच्या फलकावर "अस्वलांना खायला देऊ नका" लिहिलं होतं आणि पर्यटकांनी ते शब्दशः पाळलं: अस्वलांना दिलं नाही, खोकडाला दिलं.

समोरचे पर्याय

गाडीच्या प्रकारानंतर वनरक्षक, वन्यजीव खात्याचे अधिकारी आणि एक पशुवैद्य एकत्र बसले. पहिला विचार मादीला पिल्लांसह पकडून दूर सोडण्याचा. पर्यटकांना हा पर्याय सर्वांत आवडतो, कारण त्यात कोणाचा जीव जात नाही आणि अस्वल नजरेआड होतं. पण काळी अस्वलं शंभर किलोमीटरहून लांबूनही परत येतात, वाटेत रस्ते ओलांडताना मरतात, आणि नव्या जागी आधीच कुणाची तरी हद्द असते. शिवाय चटावलेलं अस्वल नव्या जागीही पहिलं काय शोधणार तर तंबू. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

ठार मारणं हाही पर्याय टेबलावर होता, आणि नियमात बसत होता. तोवर तिनं कोणाच्या अंगावर धाव घेतली नव्हती म्हणून तो राखून ठेवला गेला. एकदा ती बाकाजवळ होती, तेव्हा एक जण मोबाइल पुढे करून चार पावलांवर गेला. ती फुसफुसली, जबडे टकाटक आपटले, पंजानं जमीन थोपटली आणि दोन उड्या पुढे येऊन थांबली. तक्रारीत "हल्ला" असं लिहून आलं. पशुवैद्यानं ते खोडून "इशारा" असं लिहायला लावलं. काळ्या अस्वलाची ही नेहमीची भाषा आहे: मला जागा हवी आहे, मागे हो. पिल्लांसोबतची मादी सर्वांत घातक, हा समजही काळ्या अस्वलांच्या बाबतीत आकड्यांना धरून नाही. १९०० ते २००९ या काळात कॅनडा आणि अमेरिकेत काळ्या अस्वलांनी किमान ६३ माणसं मारल्याची नोंद आहे. त्यातले बहुतेक हल्ले भक्ष्य समजून केलेले होते आणि ते करणारी अस्वलं प्रामुख्यानं एकटे नर होते.

तिसरा पर्याय पिटाळण्याचा: फटाक्यांसारखे आवाज, रबरी गोळ्या, माणसांनी ओरडत धावून जाणं. याचा अनुभव संमिश्र आहे. नेवाडात ६२ शहरी अस्वलांवर असे उपाय करून पाहिले गेले. २००४ च्या त्या अहवालानुसार बहुतेक सगळी परत आली, निम्म्याहून जास्त महिन्याभरात. पिटाळणं लवकर, पहिल्या-दुसऱ्या वेळीच आणि दर वेळी झालं तर उपयोगी पडतं. इथे ती वेळ टळून गेली होती.

चौथा, तळ काही आठवडे बंद करणं. वन्यजीव अधिकाऱ्यांचा याला जोर होता, तळ चालवणाऱ्यांचा विरोध, कारण ऐन हंगाम होता. आणि पाचवा, सर्वांत कंटाळवाणा: खाण्याचा बंदोबस्त. पेट्या वाढवा, पिंप बदला, रात्री तपासणी करा. कोलोरॅडोतल्या डुरँगो शहरात काही भागांना अस्वलाला न उघडणारे पिंप पुरवले गेले तेव्हा कचऱ्यावरून होणाऱ्या घटना त्या भागांत सुमारे ६० टक्क्यांनी कमी राहिल्या. पण हा आकडा पिंप वाटले म्हणून आला नाही, लोकांनी कड्या लावल्या म्हणून आला.

या बैठकीत अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा दाखला निघाला आणि त्यावर बराच वाद झाला. तिथे अनेक दशकं ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वलांच्याच जातीतली, अस्वलं कचऱ्याच्या उघड्या ढिगांवर पोसली गेली. १९६७ मध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री दोन ठिकाणी दोन तरुणी ग्रिझलींच्या हल्ल्यात मरण पावल्या, आणि त्यानंतर यलोस्टोनच्या प्रशासनानं ढीग झपाट्यानं बंद करायचं ठरवलं. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे संशोधक भाऊ सांगत होते, हळूहळू बंद करा, नाहीतर अस्वलं तळांवर येतील. त्यांचं ऐकलं गेलं नाही. पुढच्या वर्षांत कितीतरी अस्वलं मारावी लागली आणि १९७५ मध्ये ग्रिझलीला धोक्यातली जात म्हणून कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. तेव्हा आपल्या तळावर प्रश्न आला: खाणं एकदम तोडलं तर मादी आणखी धीट होईल का? उत्तर निघालं की तिची सवय काही आठवड्यांची आहे, पिढ्यांची नाही. एकदम तोडणंच बरं.

काय केलं

खाण्याचा बंदोबस्त आणि पिटाळणं एकत्र सुरू झालं. तळ बंद झाला नाही. तंबूंची संख्या मात्र निम्म्यावर आणली, म्हणजे प्रत्येक तंबूला स्वतंत्र लोखंडी पेटी मिळाली. तळावर येणाऱ्याला पेटीची कडी स्वतःच्या हातानं लावून दाखवायला सांगत. कडी आत हात घालून दाबायची असते, अस्वलाचा पंजा तिथे जात नाही. माणसांपैकीही बऱ्याच जणांना ती पहिल्या खेपेला जमत नसे, हा शोध पहिल्याच दिवशी लागला. त्याआधी सगळ्यांना वाटत होतं की लोक आळशी आहेत.

टूथपेस्ट, साबण, कुत्र्याचं खाणं, गाडीत चिकटलेला च्युइंगगम: वास येणारं सगळं पेटीत. एका पर्यटकानं डासांच्या औषधासारखा मिरचीचा फवारा तंबूवर मारून घेतला. तो चेहऱ्यावर गेला तर अस्वल मागे फिरतं, पण वाळलेल्या डागाचा वास उलट कुतूहल जागं करतो. अलास्कात तपकिरी अस्वलं अशा डागांवर लोळताना पाहिली गेली आहेत. तंबू धुवायला लावला.

पिटाळण्याचा परिणाम चटकन दिसला आणि तिथेच फसगत झाली. चार-पाच वेळा रबरी गोळ्या बसल्यावर मादी दिवसा यायची थांबली. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मग स्वयंचलित कॅमेऱ्यात दिसलं की ती गस्तीची गाडी निघून गेल्यावर, मध्यरात्रीनंतर येते. गाडीचा आवाज आला की झाडीत थांबते, गाडी वळणाआड गेली की उतरते. माणसांना टाळायला ती शिकली नव्हती. एका विशिष्ट गाडीला आणि गणवेशाला टाळायला शिकली होती.

हा दुसरा महत्त्वाचा निर्णय होता. रात्रीची पिटाळणी वाढवावी असं काहींचं मत पडलं. मुख्य वनरक्षक बाईंनी उलट केलं: पिटाळणारे साध्या कपड्यांत, वेगवेगळ्या गाड्यांनी आणि पायी पाठवले, आणि बाकीची माणसं रात्री अस्वलामागे नाही तर तंबूंमधून फिरवली, टॉर्च घेऊन, पेट्यांच्या कड्या बघत. उघडी पेटी दिसली की त्याच वेळी तंबूवाल्याला उठवायचं. लोक वैतागले. रात्री दोन वाजता उठवल्याची तक्रार एकानं थेट वरच्या कार्यालयात केली. पण त्या महिन्याअखेरीस कॅमेऱ्यात मादी यायची ती नुसती बाकांखालून हुंगत जायची आणि काही न मिळता परत फिरायची. मग येणं विरळ झालं, आणि थंडी पडायच्या आधी तिनं नदीपलीकडच्या उतारावर मुक्काम हलवला.

निष्पत्ती

पुढच्या वसंतात मादी आणि वाढलेली पिल्लं कुरणाच्या कडेला पुन्हा दिसली. गवत, मुंग्या, अंतर राखून. बाकांकडे ती फिरकली नाही. कार्यालयीन अहवालात प्रकरण यशस्वी म्हणून बंद झालं.

खोकडाचं तोवर आटोपलं होतं. मागच्या शरदातच, अस्वलाची गडबड ओसरत असताना, एका मुलानं तुकडा पुढे केला आणि फोटोसाठी खोकड जरा जवळ यावं म्हणून ऐन वेळी हात मागे घेतला. खोकडानं तुकड्यावर झडप घातली, दात बोटात बसले. जखम किरकोळ होती. पण खोकड चावलं की रेबीजचा विचार करावाच लागतो, आणि जिवंत जनावरात रेबीज नाही हे खात्रीनं सांगणारी चाचणी नाही. त्यासाठी मेंदूचा नमुना लागतो. मुलाला लसीचे डोस सुरू झाले, खोकडाला त्याच संध्याकाळी शेकोटीपाशी पकडलं. ते स्वतःहून आलं होतं. नमुना तपासला, रेबीज नव्हता.

आणि पिल्लं. काळ्या अस्वलाची पिल्लं दीड वर्षाची होईतो आईसोबत राहतात, मग ती त्यांना दूर करते. त्या उन्हाळ्यात दोघंही वेगळी झाली. एकाचा पुढे ठावठिकाणा लागला नाही. दुसरा, नर, खोऱ्यात खाली उतरला आणि भाड्याच्या लाकडी घरांपाशी पोचला. तिथे कचऱ्याचे पिंप साधे, आदल्या संध्याकाळीच रस्त्यावर आणून ठेवलेले. त्यानं पिंपांनंतर एका घराच्या स्वयंपाकघराची जाळी फाडली, आत माणसं असताना. त्याला मारावं लागलं. तळावरच्या मादीचं नाव या नोंदीत कुठेही नाही, कारण ती वेगळ्या कार्यालयाची नोंद आहे. त्याच्या कानाला लावलेल्या बिल्ल्यामुळेच दोन प्रकरणं एक आहेत हे कळलं.

कुठे वेगळं करता आलं असतं

दुसऱ्या टप्प्यात तळाचं काम चोख झालं, पहिल्या टप्प्यात उशीर झाला, एवढंच म्हणून या प्रकरणाची बोळवण करतात. मला ते पुरेसं वाटत नाही. बैठकीत जनावर किती धोक्याचं यावरून त्याचा क्रम लावला गेला. त्याच्याकडे किती खाणं जातंय, हा प्रश्न आधी विचारला असता तर पहिल्या क्रमांकावर खोकड आलं असतं, कारण त्याला रोज, हातानं, सर्वांसमोर मिळत होतं. त्याचा बंदोबस्त करायला रबरी गोळ्याही लागल्या नसत्या. मुळात ज्या फलकावर फक्त अस्वलाचं नाव होतं तो "इथल्या कोणत्याही प्राण्याला" असा करायला रंगाचा एक डबा पुरला असता.

पेटारा गेल्याची खबर न मिळणं हे दुसरं. दंडाच्या भीतीनं कुटुंब गप्प बसलं आणि त्या दोन आठवड्यांत मादीला जे हवं ते शिकून झालं. पिटाळणी सर्वांत जास्त उपयोगी पडते ती नेमकी याच वेळेत. आता तिथे नियम बदलला आहे: स्वतः येऊन सांगितलं तर दंड नाही, दुसऱ्याकडून कळलं तर आहे. यावर मतभेद आहेत. काहींच्या मते यामुळे निष्काळजीपणा फुकट सुटतो. मला वाटतं खबर दंडापेक्षा महाग आहे.

खोकड मारण्याबाबत पशुवैद्याचंही दुमत नव्हतं, आणि चावा झाल्यावर दुसरा मार्गही नव्हता. ज्या दिवशी ते हातातून खायला लागलं त्या दिवशी मार्ग होते. दिवसाउजेडी खोकड दिसलं की आजारी असणार, हा समज मात्र तिथल्या नव्या प्रशिक्षणातून काढून टाकला आहे. लंडन, ब्रिस्टलसारख्या शहरांत खोकडं दिवसाही बागांमध्ये निवांत पडलेली दिसतात. ती सरावलेली असतात, आजारी नाही. मदतनिसांनी आता वेळ न बघता वागणं बघायचं असतं: माणूस उभा राहिला की खोकड मागे सरतं का, आणि हाताकडे बघतं की चेहऱ्याकडे. हाताकडे बघत असेल तर कोणीतरी खायला घालतंय. मग खोकडामागे धावायचं नाही, आसपासचे तंबू शोधायचे.

राहिली खालची घरं. तळावर खाणं मिळेनासं झालं की आई नाही तर पिल्लं पुढच्या ठिकाणी जाणार, हे बैठकीत बसलेल्या सर्वांना माहीत असलेलं तत्त्व. पण घरं दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत, म्हणून त्यांच्या मालकांना कोणी बोलावलंच नाही. नर पिल्लू मेल्यावर संयुक्त बैठक झाली. नवे पिंप कोणी विकत घ्यायचे यावर ती अडली, तसे पिंप अजून सगळ्या घरांना आलेले नाहीत. तूर्त एवढं ठरलं: पिंप आदल्या संध्याकाळी बाहेर ठेवायचे नाहीत, गाडी यायच्या तासभर आधी ठेवायचे, आणि कचऱ्याची गाडी सकाळी उजाडल्यावर येईल. भाडेकरूला हे चावी देताना सांगायचं आणि कडी लावून दाखवायला लावायचं, तळावर लावतात तसं.